दंतवैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी पदवीला कोणते विज्ञान विषय निवडावेत?

न्यू जर्सीतील एका मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तेथील राज्य विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि दंतवैद्य होण्याचा तिचा निश्चय झाला आहे. सामान्य जीवशास्त्र आणि सामान्य रसायनशास्त्र यांचे वर्षभराचे अभ्यासक्रम तिने प्रयोगशाळेसह पूर्ण केले असून सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला भाग सध्या चालू आहे. यापुढे पाच-सहा ऐच्छिक विज्ञान विषयांना जागा आहे. पुण्यात दंतवैद्य असलेल्या मावशीचे म्हणणे असे की शरीररचनाशास्त्र आधी घे, बाकीचे नंतर बघू. विद्यापीठातील सल्लागार सांगतात की आवडेल ते घे, दंतमहाविद्यालयांना त्याने काही फरक पडत नाही. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

मी अमेरिकेत दंतवैद्य म्हणून व्यवसाय करते, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि प्रवेश समितीवरही काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की मावशींच्या सल्ल्यामागचा हेतू बरोबर आहे पण विषय चुकला आहे, आणि सल्लागारांचे विधान नियम म्हणून खरे असले तरी व्यवहारात पुरेसे नाही. पाच-सहा जागांपैकी पहिली जीवरसायनशास्त्राला द्यावी. त्यानंतर शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे, आणि विद्यापीठात शिकवले जात असेल तर ऊतिशास्त्र, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा अभ्यास, ज्याला सगळेच हिस्टॉलॉजी म्हणतात तो, अवश्य घ्यावे. राहिलेल्या जागांसाठी संख्याशास्त्र आणि मुलीच्या स्वतःच्या आवडीचा एखादा वरच्या पातळीचा विषय पुरतो. मात्र हे विषय कोणत्या सत्रात आणि कशाच्या जोडीने घेतले जातात, याला विषयांच्या नावांइतकेच महत्त्व आहे.

मावशींचा सल्ला कोठून येतो हे समजण्यासारखे आहे. भारतात बारावीनंतर नीटच्या गुणांवर विद्यार्थी थेट बीडीएसला जातो आणि पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि दातांची रचना हे सारे एकदम त्याच्यासमोर येते. त्यातला शरीररचनेचा पेपर हा अनेकांच्या आठवणीतला सर्वांत मोठा डोंगर असतो. अमेरिकेत मात्र दंतवैद्यकाच्या चार वर्षांपूर्वी सामान्यतः चार वर्षांची पदवी असते, तिचा मुख्य विषय कोणताही चालतो, आणि दंतमहाविद्यालये फक्त काही पूर्वअट-विषयांची यादी देतात. ही व्यवस्था मुळात अशी नव्हती. 1840 मध्ये बाल्टिमोरला पहिले दंतमहाविद्यालय निघाले, आणि त्यानंतरही कित्येक दशके बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षणाशिवायच दंतवैद्यकाकडे वळत. 1926 मध्ये विल्यम गाइज यांचा कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेला अहवाल आला, आणि दंतशिक्षण विद्यापीठाच्या चौकटीत असावे व त्याआधी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण व्हावे हा आग्रह त्यातून रुजला. गाइज स्वतः दंतवैद्य नव्हते. ते कोलंबिया विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आज पूर्वअटींच्या यादीत त्यांच्याच विषयाचे वजन वाढत चालले आहे हे मला मोठे समर्पक वाटते.

आधी पूर्वअटी आणि ऐच्छिक विषय यांच्यातली सीमा नीट आखून घ्यावी. बहुतेक दंतमहाविद्यालये सामान्य जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा साधारण वर्षभराचा, म्हणजे प्रत्येकी आठ क्रेडिटांच्या आसपासचा, प्रयोगशाळेसह अभ्यास मागतात. त्याखेरीज इंग्रजी लेखनाचे विषय असतात. जीवरसायनशास्त्र अनेक ठिकाणी सक्तीचे झाले आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे कोठे सक्तीचे, कोठे शिफारस केलेले, तर कोठे अनुल्लेखित असतात. अमेरिकेत सत्तरहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि प्रत्येकाची यादी थोडी वेगळी आहे, म्हणून आपल्या मुलीने पहिले काम हे करावे की ज्या दहा-बारा ठिकाणी ती अर्ज करण्याची शक्यता आहे त्यांच्या याद्या समोर ठेवून सर्वांत कडक यादी कोणती ते पाहावे. न्यू जर्सीच्या रहिवाशाने नेवार्क येथील रटगर्सच्या दंतमहाविद्यालयाची यादी सर्वांत आधी वाचावी हे ओघानेच आले. ही सर्वांत कडक यादी पूर्ण करणारे विषय म्हणजे तिच्या दृष्टीने पूर्वअटी, आणि त्यांतून उरणारी जागा हीच खरी ऐच्छिक जागा.

आता सल्लागारांच्या 'फरक पडत नाही' या वाक्याकडे येते. त्यांचे म्हणणे एका अर्थाने खरे आहे. पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला दंतमहाविद्यालयात त्यातून सूट मिळत नाही. तेथे सगळे पुन्हा पहिल्यापासून आणि दुप्पट वेगाने शिकवले जाते. त्यामुळे 'आधी शिकले की पुढे शिकावे लागणार नाही' हा हिशेब चुकीचा आहे. खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. अर्ज वाचताना समिती एकूण सरासरीपेक्षा अधिक बारकाईने एक गोष्ट पाहते: वरच्या पातळीचे, प्रयोगशाळा असलेले विज्ञान विषय या विद्यार्थ्याने एकाच सत्रात दोन-तीन पेलले आहेत काय, आणि पेलून ग्रेड टिकवली आहे काय. पहिल्या वर्षाच्या ओझ्याचा त्याच्याइतका जवळचा नमुना आमच्याकडे दुसरा नसतो. दुसरा उपयोग प्रवेशानंतरचा. पहिल्या वर्षाच्या शरद सत्रात विद्यार्थी मेणात दात कोरायला शिकत असतो, त्याच आठवड्यात मान आणि चेहऱ्याच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, पाठ करत असतो आणि त्याच आठवड्यात चयापचयाची साखळी समजून घेत असतो. या तिन्हींपैकी एक गोष्ट पूर्वी भेटलेली असेल तर उरलेल्या दोन गोष्टींना वेळ मिळतो.

हे लक्षात घेतले की जीवरसायनशास्त्र पहिले का, याचा उलगडा होतो. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षातील बहुतेक विषयांची मुळे तेथे आहेत, आणि तो असा विषय आहे की ज्यात एकदा पाया कच्चा राहिला तर घाईघाईने भरून काढता येत नाही. दात किडतो कसा हेच पाहा. स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स हा जीवाणू साखरेचे विघटन करून लॅक्टिक आम्ल तयार करतो. त्याच वेळी त्याचे एक विकर (एन्झाइम) सुक्रोजपासून, म्हणजे नेहमीच्या साखरेपासून, ग्लुकानचे चिकट धागे विणते, आणि त्या धाग्यांमुळे जीवाणूंचा थर दाताला धरून राहतो. थराखालचा सामू (पीएच) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या कवचातील हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट विरघळू लागते, आणि फ्लोराइडमुळे बनणारे फ्लोरअ‍ॅपेटाइट त्याहून आम्लधर्मी सामूपर्यंत, म्हणजे साधारण 4.5 पर्यंत, तग धरते. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थावर या जीवाणूची आम्लनिर्मिती का चालत नाही, दिवसभरात खाल्लेल्या एकूण साखरेइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व का, हे सर्व त्यातून निघते. ज्या विद्यार्थ्याने ग्लायकॉलिसिस, म्हणजे पेशीतील साखरेचे विघटन, समजून घेतले आहे त्याला हा धडा पाठ करावा लागत नाही. ज्याने ते फक्त परीक्षेपुरते रटले आहे त्याला पुन्हा रटावे लागते.

जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक्रम दोन प्रकारचे असतात. एक सत्राचा, सर्व विषय धावत्या नजरेने घेणारा, आणि दुसरा त्याच विषयात पदवी घेणाऱ्यांसाठीचा दोन सत्रांचा. पूर्वअट म्हणून बहुतेक ठिकाणी एक सत्र पुरते. मुलीला रसायनशास्त्राची ओढ असेल तर दोन सत्रांचा घ्यावा, नसेल तर एकच घेऊन तो उत्तम करावा. दुसऱ्या सत्रात 'सी' मिळवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. सेंद्रिय रसायनशास्त्राचा दुसरा भाग संपल्यानंतर लगेचच्या सत्रात तो घेतला की कार्बोनिल गटाच्या (कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या दुहेरी बंधाच्या) अभिक्रिया ताज्या असतात आणि निम्मे काम आपोआप होते.

शरीरक्रियाशास्त्राला मी दुसरे स्थान देते, आणि येथेच माझा मावशींशी मतभेद आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणारा रुग्ण केवळ दात घेऊन येत नाही. त्याच्याबरोबर रक्तदाब असतो, मधुमेह असतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. भुलीच्या इंजेक्शनात लिडोकेन या औषधाबरोबर एपिनेफ्रिन, म्हणजे अॅड्रेनालिन, असते, बहुधा एक लाखात एक या प्रमाणात, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते किती द्यावे हा शरीरक्रियेचा प्रश्न आहे. आणखी एक उदाहरण देते, कारण विद्यार्थी ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. लिडोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू आयनित आणि निम्मे अनायनित असतात तो, साधारण 7.9 आहे. शरीराच्या नेहमीच्या 7.4 या सामूला त्याचा अंदाजे पाव भाग अनायनित, म्हणजे विद्युतभार नसलेला, असतो, आणि तोच मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतो. दाताच्या मुळाशी पू झाला असेल तर तेथील ऊती आम्लधर्मी होतात, सामू 6.9 वर आला तर हाच भाग दहा टक्क्यांच्याही खाली जातो. म्हणून सुजलेल्या दाढेला भूल नीट चढत नाही. हे गणित सामान्य रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातले आहे, पण त्याचा अर्थ शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात कळतो. शक्य असल्यास मानवी किंवा सस्तन प्राण्यांच्या शरीरक्रियाशास्त्राचा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचा वर्ग निवडावा. शरीररचना आणि शरीरक्रिया एकत्र करून दोन सत्रांत शिकवणारा जो वर्ग मुख्यतः परिचर्येच्या (नर्सिंगच्या) विद्यार्थ्यांसाठी असतो, तो वाईट नाही, पण काही दंतमहाविद्यालये त्याला वरच्या पातळीचा विषय मानत नाहीत.

सूक्ष्मजीवशास्त्राबाबत एवढेच सांगते की प्रयोगशाळेशिवाय ते घेऊ नये. हिरड्यांचे आजार आणि दातांची कीड ही दोन्ही मूलतः जीवाणूंच्या थरांची कामे आहेत, आणि निर्जंतुकीकरण ही आमच्या व्यवसायातली रोजची, कायद्याने बांधलेली जबाबदारी आहे. ग्रॅम रंजन, म्हणजे ओळखण्यासाठी जीवाणू रंगवण्याची पद्धत, स्वतःच्या हाताने केलेला, पेट्री डिश स्वतः खराब करून पाहिलेला विद्यार्थी दवाखान्यात हातमोज्यांनी कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये हे लवकर शिकतो. येथेही जीवशास्त्राच्या मुख्य विद्यार्थ्यांसाठीचा आणि इतर आरोग्य-अभ्यासक्रमांसाठीचा असे दोन वर्ग असतात, पहिला घ्यावा.

ऊतिशास्त्राचा वर्ग पदवीच्या पातळीवर सगळीकडे मिळत नाही, आणि म्हणूनच तो ज्याला मिळतो त्याने सोडू नये असे माझे ठाम मत आहे. दाताइतका ऊतिशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण अवयव शरीरात क्वचितच असेल. वरचे कवच गर्भाच्या बाह्यस्तरातील पेशी बनवतात आणि दात उगवेपर्यंत त्या पेशी नाहीशा झालेल्या असतात, म्हणून कवच एकदा गेले की शरीर ते पुन्हा बनवू शकत नाही. आतले डेंटिन बनवणाऱ्या पेशी मूळच्या मज्जाशिखेतून, म्हणजे गर्भातील मज्जासंस्थेच्या कडेच्या पेशीसमूहातून, आलेल्या असतात आणि दात जिवंत असेपर्यंत काम करत राहतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, आणि तारांनी दात सरकवता येतात ते त्याच्याच जोरावर. हे सारे पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून ओळखावे लागते, आणि गुलाबी-जांभळ्या डागांतून रचना ओळखणे ही नजर तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ पदवीच्या काळात खर्च झाला असेल तर पहिल्या वर्षी फार दिलासा मिळतो. वर्ग नसेल तर विकासजीवशास्त्र हा त्याचा जवळचा पर्याय आहे. गर्भातील पहिल्या ग्रसनीकमानीपासून, म्हणजे गळ्याच्या भागातील कमानीसारख्या उंचवट्यापासून, जबडा, चावण्याचे स्नायू आणि त्यांना चालवणारी नस एकत्र का येतात हे तेथे कळते, आणि मग चेहऱ्याची शरीररचना निव्वळ पाठांतर राहत नाही.

आता मावशींच्या शरीररचनाशास्त्राबद्दल. पदवीच्या पातळीवरचा वर्ग संपूर्ण शरीराचा असतो. पायाची हाडे, पोटाचे स्नायू, हाताच्या नसा असे करत करत डोके आणि मान यांना सत्राच्या शेवटी फार तर दोन-तीन आठवडे मिळतात. दंतमहाविद्यालयात नेमके उलटे असते. पाचव्या मस्तिष्क-नसेची प्रत्येक शाखा कोणत्या छिद्रातून बाहेर पडते, खालच्या जबड्याला भूल देताना सुई कोठे थांबवायची आणि ती थोडी पुढेमागे झाली तर काय होते, हे तेथे इतक्या बारकाईने शिकवतात की पदवीच्या वर्गाने दिलेली आघाडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच संपते. मृतदेहावर विच्छेदन करू देणारा वर्ग असेल तर माझे मत बदलते, कारण तो अनुभव दुर्मिळ आहे. निव्वळ प्रतिकृती आणि संगणकाच्या पडद्यावरचा वर्ग असेल तर ती जागा शरीरक्रियाशास्त्राला द्यावी. अर्थात एखाद्या हव्याशा महाविद्यालयाच्या यादीत शरीररचना सक्तीची असेल तर हा वाद उरतच नाही. आणि कोलंबिया, हार्वर्ड, कनेटिकट यांसारख्या ठिकाणी, जेथे दंतवैद्यकाचे विद्यार्थी सुरुवातीचा मूलभूत विज्ञानांचा अभ्यास वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बरोबरीने करतात, तेथे जायचे मनात असेल तर संपूर्ण शरीराची ओळख आधीपासून असणे अधिक उपयोगी पडते.

आनुवंशिकी आणि पेशीजीवशास्त्र हे जीवशास्त्राच्या पदवीत बहुधा सक्तीचेच असतात, त्यामुळे त्यांना ऐच्छिक म्हणून मोजू नये. रोगप्रतिकारशास्त्र सुंदर विषय आहे, आणि हिरड्यांचा आजार बऱ्याच अंशी जीवाणूंपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे हाडाची हानी करतो हे आता मान्य झाल्यामुळे तो आमच्या व्यवसायाला जवळचाही आहे. पण तो कठीण आहे. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र झाल्यावरच, आणि आवड असेल तरच घ्यावा. मज्जाजीवशास्त्रालाही, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या अभ्यासालाही, हेच लागू. पोषणशास्त्राचे पहिल्या पातळीचे वर्ग सोपी ग्रेड म्हणून घेतले जातात आणि अर्ज वाचणाऱ्याला ते कळते. परिसंस्थाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांतले काही मुलीला खरोखर आवडत असेल तर एक जरूर घ्यावे. मुलाखतीत डोळ्यांत चमक आणून ज्या विषयावर बोलता येते असा एखादा विषय गुणपत्रकात असावा, आणि तो दातांशी जोडलेला असण्याची काही आवश्यकता नाही.

संख्याशास्त्राची शिफारस करताना मला नेहमी थोडा प्रतिकार जाणवतो, कारण ते दंतवैद्यकासारखे दिसत नाही. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली, आणि मुलांच्या दातांतील किडीचे प्रमाण वर्षानुवर्षे मोजून जी तुलना झाली तिच्यावर सार्वजनिक दंतआरोग्याचा मोठा भाग उभा आहे. त्या आकड्यांवरचा आणि आजच्या नव्या दाव्यांवरचा वाद समजून घ्यायचा असेल, किंवा एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी 'आमचे भरण अधिक टिकते' म्हणून आलेख दाखवतो तेव्हा त्याला योग्य प्रश्न विचारायचा असेल, तर एक सत्राचे संख्याशास्त्र पुरेसे आहे. शिवाय काही महाविद्यालये ते मागतातही.

मूर्तिकला किंवा मातीकामाचा वर्ग घ्यावा का असेही पालक विचारतात. पूर्वी डॅट या प्रवेशपरीक्षेत खडू कोरायला लावत, आणि कॅनडाच्या परीक्षेत साबणाची वडी. दोन्ही आता बंद झाले आहे. आजची परीक्षा आकृत्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता तपासते, हाताची नाही. हाताचे काम आवडत असेल तर घ्यावे, पण तो वर्ग कोणत्याही विज्ञान विषयाची जागा घेत नाही.

डॅटचा विषय निघालाच आहे तर त्याच्या वेळेबद्दल सांगणे भाग आहे, कारण ऐच्छिक विषयांचा क्रम पुष्कळसा त्याच्यावर ठरतो. या परीक्षेतील नैसर्गिक विज्ञानांच्या भागात 100 प्रश्न असतात: 40 जीवशास्त्राचे, 30 सामान्य रसायनशास्त्राचे आणि 30 सेंद्रिय रसायनशास्त्राचे. म्हणजे साठ टक्के रसायनशास्त्र. वैद्यकीय प्रवेशाच्या एमकॅटमध्ये असते तसे भौतिकशास्त्र येथे अजिबात नसते. 2025 पासून गुण 200 ते 600 या नव्या मापावर दिले जातात, त्यामुळे नातेवाइकांच्या मुलांना पूर्वी मिळालेल्या 20-22 या जुन्या मापावरच्या गुणांशी थेट तुलना करू नये. या रचनेचा अर्थ असा की सेंद्रिय रसायनशास्त्राचा दुसरा भाग संपताच, म्हणजे आपल्या मुलीच्या बाबतीत दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात, परीक्षा देणे सर्वांत सोयीचे. जीवशास्त्रातील शरीरसंस्थांचा भाग स्वतः वाचून होतो, पण दोन वर्षांनी सेंद्रिय रसायनशास्त्र पुन्हा उभे करणे कष्टाचे असते. भौतिकशास्त्राची मात्र घाई नाही. ते परीक्षेनंतर घेता येते.

ओझ्याच्या बाबतीत दोन टोके टाळावीत. एकाच सत्रात जीवरसायन, सूक्ष्मजीव, शरीरक्रिया आणि भौतिकशास्त्र असा डोंगर रचून चारही ठिकाणी 'बी' घेणे हे शौर्य नव्हे. दुसरीकडे, प्रत्येक सत्रात एकच विज्ञान विषय आणि बाकी सारे हलकेफुलके घेऊन उत्तम सरासरी राखणे हेही समितीच्या नजरेतून सुटत नाही. दोन ठोस विज्ञान विषय, त्यातल्या किमान एकाला प्रयोगशाळा, आणि जोडीला एक-दोन वेगळ्या प्रकारचे विषय हे प्रमाण मला बरे वाटते. चौथ्या वर्षातील एखाद्या सत्रात तीन विज्ञान विषय घेऊन पाहावेत. अर्ज ज्या केंद्रीय सेवेतून जातात ती एकूण सरासरीबरोबर विज्ञानाची आणि जीवशास्त्र-रसायनशास्त्र-भौतिकशास्त्राची वेगळी सरासरी काढते, आणि एखादा विषय पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड हिशेबात धरते. विद्यापीठाने जुनी ग्रेड गुणपत्रकाच्या सरासरीतून वगळली असली तरी ती येथे परत येते. म्हणून सेंद्रिय रसायनशास्त्रात 'सी' मिळाली तर ते पुन्हा घेण्यापेक्षा पुढचे जीवरसायनशास्त्र 'ए' ने पार पाडणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते. 'सी वजा' आली असेल तर गोष्ट वेगळी, कारण ती पूर्वअट म्हणून अनेक ठिकाणी चालत नाही.

वर्गाचा आकारही पाहावा, आणि हा मुद्दा सल्लागार सहसा सांगत नाहीत. अर्जासोबत जास्तीत जास्त चार शिफारसपत्रे जातात, आणि पुष्कळ महाविद्यालयांना त्यातली दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची हवी असतात. तीनशे विद्यार्थ्यांच्या सभागृहात 'ए' मिळवणाऱ्या मुलीबद्दल प्राध्यापकांना ग्रेडपलीकडे लिहिण्यासारखे काही नसते. वीस-पंचवीस जणांचा ऊतिशास्त्राचा किंवा विकासजीवशास्त्राचा वर्ग, जेथे प्राध्यापक मुलीला सूक्ष्मदर्शकाशी बसलेली पाहतात, तेथून येणारे पत्र वाचताच कळते. दोन विषय सारख्याच योग्यतेचे वाटत असतील तर लहान वर्गाचा निवडावा.

शाळेत असताना महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षा देऊन मिळवलेली एपी क्रेडिटे, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात, घेतलेले विषय आणि ऑनलाइन प्रयोगशाळा या तिन्हींबाबत महाविद्यालयांचे नियम वेगवेगळे आहेत. जीवशास्त्राची एपी क्रेडिटे असतील तर काही ठिकाणी त्यांच्या बदली वरच्या पातळीचे जीवशास्त्राचे विषय मागतात, आणि येथे ऐच्छिक विषय दुहेरी काम करतात. पूर्वअट-विषय उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पद्धतीने घेऊ नयेत. भौतिकशास्त्राचा दुसरा भाग उन्हाळ्यात जवळच्या कौंटी कॉलेजात केला तर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र तेथे नेले तर प्रश्न विचारले जातात.

या सगळ्याचा आपल्या मुलीपुरता आराखडा असा होईल. दुसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्राचा दुसरा भाग आणि आनुवंशिकी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॅट. तिसऱ्या वर्षाच्या शरद सत्रात जीवरसायनशास्त्र, प्रयोगशाळेसह सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र. वसंत सत्रात शरीरक्रियाशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा पहिला भाग. अर्ज तिसरे वर्ष संपताच जूनमध्ये पाठवावा, म्हणजे वाचणाऱ्याला जीवरसायन, सूक्ष्मजीव आणि शरीरक्रिया या तिन्हींच्या ग्रेड प्रत्यक्ष दिसतील. चौथ्या वर्षाच्या शरद सत्रात भौतिकशास्त्राचा दुसरा भाग आणि ऊतिशास्त्र, आणि शेवटच्या सत्रात रोगप्रतिकारशास्त्र किंवा तिच्या मनातला विषय. आनुवंशिकी विद्यापीठात फक्त शरद सत्रात मिळत असेल तर तिची आणि संख्याशास्त्राची अदलाबदल केली तरी बिघडत नाही. जीवरसायनशास्त्र मात्र तिसऱ्या वर्षाच्या पुढे ढकलू नये.

चौथ्या वर्षाचे विषय अर्जात 'नियोजित' म्हणून लिहिले जातात, आणि शरद सत्राच्या ग्रेड हिवाळ्यात अर्जात जोडता येतात. नियोजित म्हणून लिहिलेला विषय नंतर सोडायचा झाला, मग तो पूर्वअट असो वा नसो, तर ज्या महाविद्यालयांत अर्ज विचाराधीन आहे किंवा जेथे प्रवेश देऊ केला गेला आहे त्यांना लेखी कळवावे. काही प्रवेशपत्रांत अर्जात लिहिलेले सर्व विषय पूर्ण करण्याची अट असते, आणि ती अट उन्हाळ्यात अंतिम गुणपत्रक तपासताना पाहिली जाते.